वहीची मागची पानं

शाळेत असताना मला एक सवय होती. वही पुढून अभ्यासासाठी आणि मागून स्वतःसाठी. पुढच्या पानांवर समास, तारीख, तांबड्या शाईनं शीर्षक. मागच्या पानांवर जे कुणाला सांगता येत नाही ते. या सवयीपायी माझं शिक्षण दहावीतच संपायची वेळ आली होती. तुमच्या आजोबांना मी हे कधी सांगितलं नाही, तुमच्या आईलाही नाही. आता लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात तुमची आई फोनवर म्हणाली की थोरली धड जेवत नाही, दार लावून बसते, आणि फार विचारलं तर एवढंच म्हणते, तो सगळ्यांशीच तसं बोलतो.

तेवढं वाक्य मला पुरलं. सगळ्यांशीच तसं बोलणारा एकजण मलाही माहीत होता.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना सोपं गेलं असतं. जन्मभर मी इंग्रजीच शिकवलं. पण हे इंग्रजीत लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. का, ते पुढे कळेल. वाक्यं लहान ठेवते. अडलं तर आईला विचारा.

आमचं गाव घनसावंगीपासून सात-आठ किलोमीटरवर. शाळा घनसावंगीला, म्हणून रोज बसनं जाणं-येणं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, चार यत्ता शिकले ते उर्दूत. त्या काळी आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि सरकारी शाळा उर्दूची होती. मराठी त्यांना वाचता यायची, पण अडखळत. हाताचं वळण उर्दूचंच राहिलं. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ते मागच्या बाजूनं उघडायचे, पंचांगसुद्धा. मग ध्यानात आलं की कुणी हसायच्या आत स्वतः हसायचे आणि पुस्तक फिरवायचे. इंग्रजी त्यांना अजिबात येत नव्हतं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. माझ्या वह्यांना दादा हात धुतल्याशिवाय शिवायचे नाहीत.

नववीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा नवीन आला. त्याचे वडील कालव्याच्या कामावर कारकून होते, बदलीची नोकरी, त्यामुळे तोवर चार गावांचं पाणी प्यालेला. वर्गात आम्ही मुली तीनच. बाकीची मुलं आमच्याशी बोलायला लाजायची, नाहीतर खडे मारायची. हा सरळ येऊन बोलला. बोलणं त्याच्या अंगातच होतं. कासारणीला म्हणायचा, आजी, बांगड्या राहू द्या, तुमचाच हात बघत बसतो. हेडमास्तरांच्या बायकोला म्हणायचा, बाई, तुम्ही शाळेत आलात की फळा पांढरा दिसतो. सगळ्या हसायच्या आणि कुणी रागवायचं नाही, कारण त्यात कुठं घाण नव्हती. उनाडपणा होता, पण मऊ.

इंग्रजीत तो कच्चा. मास्तरांनी त्याला सांगितलं, हिच्याकडून शिक. म्हणून दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की तो सायकलवर आमच्या घरी यायचा. ओसरीवर बसायचा. आई समोर सुपात ज्वारी पाखडत असायची, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही. आईला म्हणायचा, "मावशी, तुमच्या भाकरीसाठी घरी भांडून आलो." आई भाकरी द्यायची. मला तो मास्तरीण म्हणायचा. मी त्याला निबंध लिहून द्यायचे, तो ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत पाठ करायचा. बैलावरचा निबंध त्याला सर्वांत पक्का झाला. 'द बुलक इज अ युजफुल ॲनिमल' असं तो अशा आवाजात म्हणायचा की गोठ्यातला बैल मान वर करायचा.

एका शनिवारी, मी केसांना रिबन बांधायची विसरले होते, ते फक्त त्याच्या लक्षात आलं. जाताना सायकलवर एक पाय टाकून म्हणाला, "तुझ्याशी बोललं की दिवस बराबर जातो बघ."

एवढंच. पण हे वाक्य घेऊन मी पुढचं वर्षभर जगले. घासताना भांडं हातात राहायचं. शनिवारी सायकलची घंटी वाजायच्या आधीच मला ती ऐकू यायची. मैत्रिणींना सांगायची सोय नव्हती, आईला तर नाहीच. तेव्हा मी इंग्रजीच्या वहीची शेवटची पानं उघडली आणि तिथं इंग्रजीत लिहायला लागले. शाई पलीकडे उमटायची म्हणून पानाच्या एकाच बाजूला लिहायचे, समोरचं पान कोरं. मला वाटायचं, इंग्रजी हे कुलूपच आहे. या घरात ते उघडणारं कुणी नाही. म्हणून सगळं लिहिलं. त्याचं नावही लिहिलं, स्पष्ट, सुवाच्य, प्रत्येक वेळी पूर्ण.

दहावीच्या परीक्षेआधी मास्तर सगळ्या वर्गाला राजूरच्या गणपतीला घेऊन गेले. दर वर्षी नेत. त्या दिवशी चतुर्थी असल्यानं रांग लांब होती. मुली पुढे, मुलं मागे, पण रांग वळणं घेत असल्यानं मुलं शेजारी येऊन उभी राहायची. माझ्या पुढे वर्गातली दुसरी मुलगी होती. तो तिच्या शेजारी आला, मान थोडी वाकडी केली आणि म्हणाला, "तुझ्याशी बोललं की दिवस बराबर जातो बघ."

तेच शब्द, तसाच 'बघ' शेवटी.

ती हसली. तो पुढे सरकल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "याचं काय घेऊन बसली? ह्यो नारळवाल्याशी बी असंच बोलून राह्यला." तिनं ते मजेत घेतलं होतं. सगळ्यांनीच मजेत घेतलं होतं. खरं मानणारी मी एकटी निघाले. देवासमोर काय मागितलं ते आठवत नाही. परतताना बसमध्ये पेढ्याचा पुडा मांडीवर होता, तो घामानं ओला झालेला आठवतो.

त्या संध्याकाळी मी वहीत तीन पानं लिहिली. मागं लिहिलेल्या सगळ्यांपेक्षा ती वाईट होती. मी किती मूर्ख, तो किती खोटा, आणि खोटा असला तरी मला तोच हवा, असं सगळं. आज माझ्या विद्यार्थ्यानं तसं लिहून आणलं असतं तर मी त्याला अर्धं खोडायला लावलं असतं. भाषा मात्र शुद्ध होती.

त्यानंतरच्या रविवारी आत्या आणि तिचे यजमान आमच्याकडे आले. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी माझ्यासाठी आष्टीकडचं एक स्थळ आणलं होतं. जमीन होती, मुलगा बाजारात दुकानावर बसत होता, परीक्षा झाली की लग्न उरकून टाकू असं त्यांचं म्हणणं. दादांच्या मनात मला पुढं जालन्याला, मावशीकडे ठेवून कॉलेजला घालायचं होतं. दोघांत तास-दीड तास चाललं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होते.

मामा म्हणाले, "शिकून काय करनार? चुलीपुढं इंग्रजी बोलनार काय?"

दादा उठले. आत गेले, हात धुतले आणि माझी इंग्रजीची वही घेऊन बाहेर आले. त्यांनी ती उघडली. हाताच्या वळणाप्रमाणे, मागून, आणि नेमकी त्या तीन पानांवर.

"बघा अक्षर. छापल्यावाणी हाय."

मामांनी पाहिलं आणि म्हणाले, अक्षर दिसलं, पण लिहिलंय काय ते कुणाला ठाऊक. मी उंबऱ्यातून पुढे झाले आणि म्हणाले, दादा, द्या इकडं, मी वाचते. मामा हसले. "तिचं तीच वाचनार? मंग काय बी वाचंल ती."

आणि तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली. त्याच्याकडे माझं व्याकरणाचं पुस्तक होतं, ते परत द्यायला तो आला होता. रविवारी कधी येत नसे. दादांना वाटलं, देवानंच धाडला.

"ये रे बाबा. तुला येतं इंग्रजी. हे वाच. आधी इंग्रजीत वाच, मंग यांना मराठीत सांग."

दादांना त्या पानांवरचं कळलं असतं तर जालना दूरच राहिलं असतं. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद, महिन्यावर आलेली परीक्षा बंद, आणि आष्टी नक्की. दादा वाईट नव्हते. पण मामांच्या तोंडासमोर असं काही निघाल्यावर त्यांना दुसरं काही करता आलं नसतं.

त्यानं वही घेतली. पहिल्या ओळीवर त्याची नजर गेली. इंग्रजीत कच्चा असला तरी स्वतःचं नाव कुणालाही वाचता येतं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू मी पहिल्यांदाच उतरलेलं पाहिलं. तो खाली, आणखी खाली वाचत गेला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मग त्यानं घसा खाकरला आणि वाचायला लागला.

"द बुलक इज अ युजफुल ॲनिमल."

सगळा निबंध त्यानं म्हटला, माझ्या पानावर नजर ठेवून. मध्ये जिथं पान उलटावं असं वाटेल तिथं पान उलटलं. बैलाची शिंगं, बैलाची शेपटी, शेतकऱ्याचा मित्र, सगळं. ती तीन पानं संपली आणि बैलही संपला. दादा मान हलवत होते.

मामा म्हणाले, आता मराठीत.

इथं पाठ केलेलं काही नव्हतं. तो पानाकडे बघत हळूहळू सांगत गेला.

"निबंधाचं नाव, माझे वडील. माझे वडील चार यत्ता शिकले, तेबी उर्दूत. ते पुस्तक मागून उघडतात आन्‌ कोणी हसायच्या आत आपणच हसतात. बाजारातून आले की पिशवीतून आधी माझी शाईची बाटली काढून ठेवतात, मंग सोताची तंबाखू. मला बसमध्ये बसवलं की ते वळणावर उभे ऱ्हातात. बस दिसेनाशी झाली तरी उभेच. मी मागं पाहत न्हाई, म्हणून त्यांना वाटतं, पोरीला काय ठाव. मला वाचताना पाहिलं की ते बैलाला बी हळू आवाजात बोलतात."

आणखीही दोन-चार गोष्टी होत्या. त्यानं वही मिटली आणि पायाशी ठेवली.

यातलं काहीच मला माहीत नव्हतं. म्हणजे डोळ्यांसमोर होतं, पण मी पाहिलं नव्हतं. वर्षभर दर शनिवारी ओसरीवर बसून त्यानं ते पाहिलं होतं, आणि मी वर्षभर त्याला पाहत होते. सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस सगळ्यांकडे नीट बघतो हे मला तेव्हा कळलं. आणि माझ्याकडेही त्यानं तसंच पाहिलं होतं, दादांकडे पाहिलं तसं, कासारणीकडे पाहिलं तसं. रिबन नसलेली दिसली होती ती त्या नजरेला. त्याहून जास्त काही नव्हतं.

दादांनी वही उचलली, उपरण्यानं पुसली आणि मामांना म्हणाले, "जालन्याला जाईल ती." मामांनी टोपी घातली. आत्या डोळे पुसत होती.

मी त्याला सायकलपर्यंत पोचवायला गेले. तो हँडल धरून उभा राहिला.

"मास्तरीण, एक बी स्पेलिंग चुकलं न्हाई तुझं."

मी सायकलच्या घंटीवरची धूळ बोटानं पुसली.

"मी असाच हाय बघ," तो म्हणाला. "वाईट नको वाटून घेऊ."

आणि गेला. सोमवारी वर्गात तो नेहमीसारखाच होता. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलीच्या बांगड्यांवरून काहीतरी म्हणाला आणि ती हसली. फक्त माझ्याशी तो बदलला होता. मास्तरीण म्हणेना, नावानं हाक मारायला लागला, पाहुण्यासारखा नीट वागायला लागला. त्याचा तो नीटपणा मला सर्वांत जास्त लागला. शनिवारी यायचा बंद झाला. आई विचारायची, तो पोरगा का येईना गं. मी म्हणायचे, पाठ झालं त्याचं सगळं.

थोरले, तुला वाटत असेल की आजी आता सांगेल, यातून कसं बाहेर पडायचं. मला ठाऊक नाही. मी बरंच करून पाहिलं. त्याचं बाक दिसू नये म्हणून भिंतीकडची जागा घेतली. शनिवारी मुद्दाम मिरच्या कुटायला बसायचे, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण असायचं. मिरच्या संपल्या. परीक्षेनंतर त्याच्या वडिलांची पुन्हा बदली झाली आणि तो निरोप न घेता गेला. बऱ्याच दिवसांनी मास्तरांकडून कळलं. जालन्याला गेल्यावरही पहिली दोन वर्षं सायकलची घंटी वाजली की माझा हात लिहिता लिहिता थांबायचा. मग कधीतरी थांबेनासा झाला. तो दिवस कोणता ते मला सांगता येत नाही, आणि एवढ्या सगळ्या तारखा लिहून ठेवणाऱ्या माझ्याकडे ती तारीख नाही.

एकच गोष्ट त्याच्यामुळे झाली. मी बसमधून मागं वळून पाहायला लागले. वळणावर दादा असायचे.

वही मात्र मला परत मिळाली नाही. दादांनी ती त्याच दिवशी जमिनीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवली आणि किल्ली करगोट्याला बांधली. मला ती फाडून चुलीत घालायची होती. एकदा मागितली. ते म्हणाले, "कशाला? माझी हाय ती." पुढं माझं लग्न झालं, नोकरी लागली, तुमची आई झाली. माहेरी गेले की आधी पेटीला कुलूप आहे ना ते बघायचे. तिथं इंग्रजी येणारं कुणी जावई, कुणी भाचा कधीही येऊ शकत होता.

दिवाळीत दादा म्हणायचे, "ते बापाचं म्हण बरं." मी तोंडपाठ म्हणायचे, त्या मुलानं सांगितलेलं, शब्द न्‌ शब्द. एका वर्षी मी शाईच्या बाटलीचं विसरले. दादांनी लगेच आठवण करून दिली, तंबाखूसकट, त्याच्याच शब्दांत. मला नवल वाटलं. एकदाच ऐकलेलं इतकं कसं लक्षात राहिलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

ते गेल्यावर, दिवस झाल्यावर, भावानं पेटी उघडली. वही माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ही तुझी. मी ती घेऊन मागच्या खोलीत गेले. माझी पानं होती तशी होती, शाई तपकिरी झालेली. पण त्या तीन पानांसमोरची कोरी पानं कोरी नव्हती. त्यांवर उजवीकडून डावीकडे, बारीक, जपून काढलेलं उर्दू होतं. दादांचं अक्षर. एका बाजूला माझं इंग्रजी, त्याला भिडून त्यांचं उर्दू, सगळी तीन पानं.

मला उर्दू येत नाही. दादांना इंग्रजी येत नव्हतं. ती वही काही महिने माझ्या कपाटात तशीच राहिली. शेवटी जालन्यात आमच्या गल्लीजवळ राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षिकेकडे घेऊन गेले. सगळे त्यांना आपा म्हणतात. जाताना माझ्या पानांवर वर्तमानपत्राचे कागद पिनांनी लावून ती झाकली. त्या वयातही झाकली. आपांनी चष्मा घातला, चहा बाजूला सारला आणि वाचलं.

तो निबंधच होता. मुलानं ओसरीवर जे सांगितलं ते दादांनी आठवून उतरवून ठेवलं होतं. वळण, बस, तंबाखू, हळू आवाज. वर शीर्षक: लेकीनं बापावर लिहिलेलं. त्यांना माझं इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्या समोर त्यांनी त्याचा अर्थ लिहून ठेवला होता. तो त्याचा अर्थ नव्हता.

आपा शेवटच्या पानाच्या तळाशी थांबल्या. म्हणाल्या, इथं एक वेगळी ओळ आहे. मग वाचली.

"लड़की रो रही थी. हम ने पूछा नहीं."

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला वाटलं होतं, कुणी पाहिलं नाही.

ते काय समजले होते, किती समजले होते, मला कधीच कळणार नाही. बैल त्यांनी ओळखला की नाही, हेही नाही. विचारायला आता माणूस नाही, आणि होता तेव्हा आम्ही दोघंही गप्प राहिलो. म्हणून हे मराठीत लिहिलं, वहीच्या पुढच्या बाजूनं, घरात कुणालाही वाचता येईल असं. तुमची आई वाचेल. वाचू दे. आणि थोरले, तुझ्या घरी कुणी विचारायचं राहिलं असेल तर मी विचारते आहे. काय झालं ते सांग. पटकन उत्तर नको.

तो निबंध माझा नाही, हे दादांना मी सांगितलं नाही. त्यानंतर मी पुष्कळदा तो लिहायला बसले आहे. समास सोडते, तारीख घालते, तांबड्या शाईनं 'माझे वडील' असं लिहिते. मग जे सुचतं ते त्या मुलानं पाहिलेलंच असतं. वळण. शाईची बाटली. हळू आवाज. अशी चार-पाच पानं माझ्याकडे जमली आहेत, आणि शीर्षकाखाली माझं स्वतःचं असं एकही वाक्य नाही.